प्रश्न मनात घेऊन चर्च शोधताना

महाराष्ट्रात चर्च शोधायला निघालात तर पाटी वाचण्याआधी तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा: "हे पूर्वी कोणत्या मिशनचं, म्हणजे कोणत्या धर्मप्रचारक संस्थेचं?" २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट चर्चसंघटना एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, मेथॉडिस्टांचा एक गट, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स. नाव एक झालं, पण उपासनेचं वळण बऱ्याच ठिकाणी जुन्या मिशनचंच राहिलं. पुण्याच्या गुरुवार पेठेतलं पंचहौद चर्च अँग्लिकन परंपरेतलं, म्हणजे पुस्तकात छापलेली ठरलेली उपासना. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनची परंपरा, तिथे भर संदेशावर, म्हणजे पाळकांच्या (पास्टरच्या) प्रवचनावर, आणि भजनांवर.

श्रद्धेविषयी प्रश्न पडलेल्या माणसाला हा फरक फार मोठा असतो. स्वतःच्या शब्दांत प्रार्थनाच सुचत नसेल, तर छापील उपासना आधार देते. शेजारचे म्हणतात, त्यांच्यामागे आपण म्हणायचं; मन रिकामं असलं तरी चालतं. प्रश्न शास्त्राविषयी असतील, तर संदेशाला वेळ देणारी मंडळी (चर्चचा सभासद-समुदाय) बरी. वसईतल्या मराठी मिस्सेचाही (कॅथलिक उपासनेचाही) एक फायदा आहे: कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात, त्यामुळे उतारा आदल्या रात्री घरी वाचून जाता येतं.

एका रविवारात काही कळत नाही. सलग चार रविवार जा, त्यातला एक प्रभुभोजनाचा असू द्या. भाकर आणि द्राक्षारस कोणी घ्यायचा, याचे नियम मंडळीगणिक वेगळे. कॅथलिक नसलेल्यांनी मिस्सेत कम्युनियन, म्हणजे हेच प्रभुभोजन, घ्यायचं नसतं. बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) झालेला नसेल तर जागेवर बसून राहा, त्यात कमीपणा काहीच नाही. संदेश ऐकताना एवढंच बघा: वाचलेला उतारा पाळक खरोखर उलगडतात का, की एक वचन घेऊन पंचेचाळीस मिनिटं दुसरंच बोलतात?

मग प्रश्न विचारा. उपासना संपल्यावर दारात नको, तिथे पाळक शंभर जणांना हात मिळवत असतात. आठवड्यातली वेळ मागून घ्या आणि एकच प्रश्न न्या, सगळ्यात जास्त टोचणारा: मूल आजारी पडलं तेव्हा प्रार्थना ऐकली का गेली नाही, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत तपशील वेगळे का. "विश्वास कमी पडतोय" किंवा "हा सैतानाचा हल्ला आहे" एवढ्यावर बोळवण झाली, तर ती जागा तुमच्यासाठी नाही. "मलाही नीट माहीत नाही, बुधवारी या, मिळून वाचू," असं म्हणणारा पाळक मिळाला तर त्याला सोडू नका. बायबलमधलं स्तोत्र ८८ शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. शंकेला जागा देणारी मंडळी हे जाणून असते.

आपल्याकडे हे नवं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, पण ज्यांच्याकडून विश्वास घेतला त्यांच्याशीच त्या सिद्धांतांवरून वाद घालत राहिल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशन सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र बंधुसंघ उभारला. दोघांनी चर्चला प्रश्न विचारले, ते ख्रिस्तावर प्रेम होतं म्हणूनच.

काही बाबतींत मात्र थांबायचंच नाही. औषधं बंद करा म्हणणारे, बरं होण्यासाठी पैसे सांगणारे, घरच्यांशी बोलणं तोडायला लावणारे: पुढच्या रविवारची वाट न बघता बाहेर पडा. पैशाचं साधं लक्षण असं, की वार्षिक सभा होते का आणि हिशेब मंडळीसमोर वाचला जातो का. चर्चचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असेल तर लेखापरीक्षण करावंच लागतं, त्यामुळे खजिनदाराला विचारण्यात उद्धटपणा नाही.

घरात लग्न ठरत असेल तर आणखी एक. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार प्रत्येक पास्टरला लग्न लावता येत नाही. स्वतंत्र फेलोशिपच्या (मोठ्या चर्चसंघटनेशी न जोडलेल्या मंडळीच्या) पास्टरकडे सरकारी परवाना आहे का, हे हॉल बुक करण्याआधीच विचारा.

सभासद व्हायची घाई नको, सहा महिने नुसतं येत राहिलात तरी चालेल. ठरलंच, तर आधीच्या मंडळीच्या पाळकांचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला काढून ठेवा. जुन्या रजिस्टरातलं नाव आणि आधार कार्डावरचं नाव पुष्कळदा जुळत नाही. ती दुरुस्ती जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमध्ये करून घ्यावी लागते.