पंचनाम्याआधीची नोंद

आमच्या बेळगाव भागातील मातीचे जुने घर सरकारी कागदावर तपशिलाने येते ते बहुधा पडल्यावरच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर जिल्ह्यात गावोगावी पंचनामे झाले, नुकसानीप्रमाणे घरांचे वर्ग ठरले आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख रुपयांची मदत जाहीर झाली. ती मदत हवीच होती. परंतु त्या भिंती किती रुंद होत्या, माती कोणत्या शिवारातली होती आणि कच्च्या विटांचे थर कसे सांधले होते, हे लिहून घेणे पंचनाम्याचे काम नव्हते आणि दुसऱ्या कोणी ते केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून उभ्या घरांची नोंद आताच व्हावी, असा माझा आग्रह आहे. दर्शनी फोटो पुरत नाहीत. सोपा, माजघर आणि परसू यांचा मापांसह नकाशा, जोत्याची उंची, भिंतींची जाडी आणि ओल कुठवर चढली आहे याची खूण, एवढे तरी हवे. अथणीकडच्या माळवदाच्या घरांत छतावरील मातीचा थरही मोजावा. भिंतींचे फोटो तिरप्या उन्हात घ्यावेत, म्हणजे फुगवटे आणि भेगा उठून दिसतात. ढासळलेल्या कोपऱ्यातली माती काचेच्या बरणीत पाण्यात घुसळून ठेवली, की तळाशी वाळू, त्यावर गाळ आणि वर चिकणमाती बसते. या थरांचे प्रमाण टिपून ठेवले, तर दुरुस्तीसाठी जुळती माती शोधता येते.

दुरुस्ती म्हणून केलेला सिमेंटचा गिलावा मला सर्वांत घातक वाटतो. खानापूरकडच्या एका घरात तो बाहेरून गुळगुळीत होता. मात्र जोत्यालगत बोटाने वाजवल्यावर पोकळ आवाज आला आणि सुटलेला खपला काढताच आतली माती भिजल्या पिठासारखी हाताला लागली. भिंतीत जमिनीची ओल चढतेच. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून बाहेर पडते, सिमेंट तिला आत कोंडते. त्यात घरासमोरचा काँक्रीटचा रस्ता दर वेळी उंच होत गेला, की पावसाचे पाणी थेट भिंतीला भिडते. नोंदवहीत रस्त्याची उंचीही असावी, ती त्यासाठीच.

चिखलात भाताचे पिंजर किती घालायचे, तो किती दिवस कुजवायचा, सारवण कोणत्या महिन्यात काढायचे, हे जुन्या गवंड्यांना आणि घरातल्या वयस्कर बायकांना ठाऊक आहे. ते मराठीत असो वा कन्नडमध्ये, त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करावे. घर अजून दोन पावसाळे निघेल असे दिसत असेल, तर मोजपट्टी नंतर काढावी आणि आधी त्यांच्यापाशी बसावे.