पाणी घरात घेणारा माणूस

माझी सही चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल केलं आणि गेली एकोणतीस वर्षं चिपळुणात लोकांच्या घरांचे नकाशे काढतोय. नकाशा माझा, सही इंजिनीअरची. लोक मला इंजिनीअरसाहेब म्हणतात. सुरुवातीला दुरुस्ती करायचो, आता ओ देतो.

2021 च्या गणपतीत पुण्याला आर्किटेक्चर शिकणारा भाचा घरी आला होता. आरतीनंतर मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामा, तुझ्यासारखाच एक बिनसहीचा माणूस बघ." कार्लो स्कार्पा. जन्म व्हेनिसचा, 1906 मधला. तिथल्या कला अकादमीतून 1926 मध्ये डिप्लोमा घेतला आणि लगेच शिकवायला लागला. आर्किटेक्ट म्हणून परवाना मिळवायला जी परीक्षा लागते ती त्याने दिलीच नाही. मग व्यवसायातल्या मंडळींनी त्याला कोर्टात खेचलं, विनापरवाना कामं करतो म्हणून. त्यातून तो सुटला. गंमत अशी की ज्या आर्किटेक्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचा तिचा 1972 ते 1974 प्रमुखही झाला. म्हणजे मुलांना परवान्याच्या वाटेवर सोडणारा मास्तर स्वतः बिनपरवान्याचा. हे वाचून मला झालेला आनंद फारसा सात्त्विक नव्हता, कबूल करतो.

पण खरं अडकलो ते पुढच्या फोटोत.

त्या वर्षीची 22 जुलै इथे कोणाला सांगायला नको. वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, खाली दाभोळच्या खाडीला भरती, पाणी जाणार कुठे? मी पुराच्या दोन वर्षं आधी एका काकूंचं घर नवं करून दिलं होतं. जुनं जांभ्याचं घर. ओटीला आणि माजघराला चार फुटांपर्यंत चकचकीत टाइल्स, वर पीओपी, जोतं दीड फूट वाढवलेलं. "आता पाण्याची चिंता नको," असं मीच म्हणालो होतो. पाणी टाइल्सच्याही वर तीन फूट चढलं. ओसरल्यावर चिखल काढला, घर धुतलं, पंखे लावले, पण भिंत काही सुकेना. चिरा पाणी पितो आणि सावकाश सोडतो, हे आमच्या गवंड्याच्या नातवालाही ठाऊक आहे. मी त्या चिऱ्याच्या तोंडावर टाइल चिकटवून ठेवली होती. दसरा आला तरी टाइलवर थाप मारली की बद्द आवाज यायचा आणि खालच्या सांध्यातून तांबूस पाणी झिरपायचं. चूक सरळ माझी होती.

त्या फोटोत होता व्हेनिसच्या क्वेरिनी स्टॅम्पालिया नावाच्या जुन्या वाड्याचा तळघरवजा खालचा मजला. स्कार्पाने तो 1961 ते 1963 मध्ये दुरुस्त केला. व्हेनिसमध्ये भरतीला गल्ल्यांत पाणी चढतं, तसं या वाड्यातही यायचं, त्यामुळे तळमजला वापरातच नव्हता. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? दारं बुजवली असती, जोतं उचललं असतं. या माणसाने कालव्याच्या बाजूला लोखंडी जाळीची दारं ठेवली आणि पाण्याला आत घेतलं. आत पायऱ्या अशा की पाणी जसं चढेल तशी एकेक बुडते. चालायची वाट म्हणजे काठ वर वळवलेलं ताटच, आणि ते ताट जुन्या भिंतीला टेकत नाही. मधून पन्हळीसारखी जागा सोडलीय, पाणी तिथून फिरतं आणि आल्या वाटेने जातं. भिंतीवरचं आच्छादनसुद्धा जुन्या विटेला न चिकटवता थोडं दूर उभं केलेलं. मागे हवा खेळते, ओल बाहेर पडते.

तीन वर्षांनी, 4 नोव्हेंबर 1966 ला, व्हेनिसमध्ये 194 सेंटिमीटरची भरती आली. आजवरची सगळ्यात मोठी.

भाचा बाकीचंही दाखवत होता. वयाच्या विशीपासून चाळिशीपर्यंत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचकारखान्यांसाठी केलेली भांडी, सेंट मार्क चौकातलं ऑलिव्हेटी टाइपरायटरचं दुकान आणि त्यातला संगमरवरी जिना, वेरोनाच्या किल्ल्यातलं म्युझियम, ब्रियोन कुटुंबाची समाधी. सुंदरच असणार. दुकानाचा जिना मी बोटांनी मोठा करून करून पाहिला, पायऱ्या एकमेकींवर टेकल्यात असं वाटतच नाही. पुढे 1978 मध्ये हा माणूस जपानमध्ये सेंडाईला जिन्यावरून पडून गेला. त्याला त्याच ब्रियोन समाधीच्या कोपऱ्यात पुरलंय. त्याचं लोहारकाम, सुतारकाम वर्षानुवर्षं त्याच त्याच घराण्यांतले कारागीर करायचे, हे मात्र मला फार आवडलं. माझा मिस्त्रीही बावीस वर्षं तोच आहे. नकाशात चूक असली तर तो मला न विचारता बरोबर करतो आणि संध्याकाळी सांगतो.

एक खरं, की व्हेनिसचं पाणी आणि वाशिष्ठीचं पाणी एक नव्हे. तिथे एरवी फार तर गुडघाभर येतं, घड्याळ लावून येतं आणि फोटोत चमकतं. आपल्याकडे येतं ते गाळ, ओंडके, कोणाचं तरी गॅस सिलिंडर आणि मेलेल्या कोंबड्या घेऊन. त्याला आत बोलवा म्हणणाऱ्याला मी घमेलं आणि फावडं देईन. पण येणारच असेल तर निघायला वाट हवी, आणि नंतर भिंतीला श्वास.

दिवाळीनंतर काकूंच्या टाइल्स मी माझ्या खर्चाने उखडल्या. चिरे उघडे केले, सिमेंटच्या जागी चुन्याचा गिलावा. स्विच बोर्ड छातीच्या वर. फरशीला मागच्या दाराकडे उतार आणि उंबऱ्यात दोन भोकं, आतून लाकडी बुचं. ओटीवर काकूंना फळ्या हव्याच होत्या, शोभेला. त्या भिंतीपासून दोन बोटं सोडून, पितळी स्क्रूवर उभ्या केल्या. पाणी आलं तर काढायच्या, माळ्यावर टाकायच्या.

मिस्त्री म्हणाला, "सायेब, फट कशाला? पाली घरटी करतील."

काकू म्हणाल्या, "करू देत. टाइल्सपेक्षा पाली बऱ्या."

परवा चतुर्थीचे मोदक घ्यायला बोलावलं होतं. भिंत कोरडी, हात लावून पाहिला. फळीमागे डोकावलो तर फटीत विजेची बिलं, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि देवळाच्या वर्गणीच्या पावत्या खोचलेल्या. सगळं काढून काकूंच्या हातात दिलं. त्यांनी ते नीट दुमडलं, मी चप्पल घालेपर्यंत थांबल्या आणि पुन्हा तिथेच खोचलं.