केळीचा चीक आणि रक्ताचा डाग

न्यायसहायक प्रयोगशाळेच्या डीएनए विभागातील नोकरी सोडून जळगावात शिकवायला लागल्यापासून मी पहिल्या तासाला पुस्तक उघडत नाही. रावेर-यावलकडच्या एखाद्या विद्यार्थ्याला बागेत घालायचा जुना सदरा आणायला सांगतो. केळीचा चीक कापडावर वाळून असा तांबूस-काळा होतो की धुऊनही जात नाही, आणि त्याच्या शेजारी वाळलेल्या रक्ताचा डाग ठेवला तर निम्मा वर्ग फसतो. (रक्त माझेच असते, बोटाला सुई टोचून घेण्याची आता सवय झाली आहे.)

त्यानंतर फेनॉल्फ्थॅलिनची प्राथमिक चाचणी होते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब पडताच रक्तावर गुलाबी रंग उमटतो, कारण हिमोग्लोबिनमधील हीम ती क्रिया घडवते. परंतु ताज्या चिकावरही सावकाश फिकट छटा चढू शकते, कारण वनस्पतींतही पेरॉक्सिडेज हे विकर असते. म्हणूनच नोंदीत ‘रक्त आहे’ असे न लिहिता ‘रक्त असण्याची शक्यता आहे’ असे लिहायचे. हा फरक अंगवळणी पडायला मला काही वर्षे लागली.

1984 साली इंग्लंडमधील लेस्टरमध्ये आनुवंशशास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांना डीएनए ठशांची कल्पना सुचली तेव्हा तपासणीला बराच नमुना लागे; डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर आणि त्यातील पुन्हा पुन्हा येणारे आखूड तुकडे मोजणाऱ्या एसटीआर पद्धतींमुळे आज एक नॅनोग्रॅमही पुरतो. मात्र तो शाबूत असावा लागतो.

एका मे महिन्यात, आपल्याकडे पारा 45 अंशांकडे झुकलेला असताना, एका प्रकरणाचा मुद्देमाल माझ्या टेबलावर आला. पंचनामा नेटका होता, लाखेचे सीलही अभंग होते. पण आतला ओला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेला होता आणि त्यावर हिरवट बुरशी चढली होती. डीएनए तुटल्यामुळे आलेखात लांब मार्कर, म्हणजे तुलनेसाठी तपासायचे डीएनएचे लांब तुकडे, दिसेचनात, केवळ आखूड तेवढे उमटले. लिंग ओळखायला वापरल्या जाणाऱ्या ॲमेलोजेनिन या जनुकावरून रक्त पुरुषाचे एवढेच सांगता आले. तुलना शक्य नाही, असा अहवाल मी दिला. उलटतपासणीत वकिलांनी विचारले, “म्हणजे ते आरोपीचे नाही?” मी म्हणालो, “तसेही म्हणता येत नाही.” दोन्ही बाजू माझ्यावर सारख्याच नाराज झाल्या. ती साक्ष मला आजही माझी सर्वांत चांगली साक्ष वाटते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, त्यामुळे मुले नोकऱ्यांविषयी विचारू लागली आहेत. मी त्यांना आधी सदरा सावलीत वाळवून कागदी पाकिटात बंद करायला लावतो. परवा रावेरच्या मुलाने पाकिटावर सुबक अक्षरात लिहिले, ‘रक्ताचा डाग असलेला सदरा’. मी लाल पेनाने ‘रक्ताचा’ हा शब्द खोडला आणि त्यावर ‘तांबूस’ लिहिले.