खाली नाव कुणाचं?

आमचं मेडिकलचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक तुरळक असतं, पण शटर ओढून घरी जावं इतकंही कमी नसतं. कादंबरी घेऊन बसावं तर नेमकी रंगात आली की कुणीतरी पर्ची नाचवत पुढ्यात उभं. दोन गिऱ्हाइकांच्या मधे पुरी होईल अशी एकच गोष्ट मला सापडली: मराठी विश्वकोशातली नोंद.

पहिला खंड १९७६ चा. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, कचेरी वाईला. मला तो जुन्या पुस्तकांत मिळाला, बाकीचे हळूहळू जमवले. अंजिरावरनं पुढे सरकलं की अंटार्क्टिका, मग अंदमान. आधी गंमत या शेजाराचीच वाटायची. पुढे नजर नोंदीच्या तळाशी जायला लागली. तिथे लिहिणाऱ्याचं नाव असतं, आडनाव आधी. पिकांच्या काही नोंदींत तर लागवडीबद्दल एकाने लिहिलेलं, रोगांबद्दल दुसऱ्याने, आणि कंसात तसं स्पष्ट म्हटलेलं. ज्याला जेवढं ठाऊक, तेवढंच त्याच्या नावावर. मला हे फार आवडलं. आता आधी तळ बघते, मग नोंद वाचते.

ही खोड दुकानातही आली. परवा नेहमीचे एक काका मोबाइल पुढे करून म्हणाले, "ताई, गुळवेलीचा काढा घेतला की शुगरची गोळी बंद करायची म्हणं."

"खाली नाव कुणाचं आहे?"

"डॉक्टरांचं."

"कुठल्या?"

त्यांनी बोटाने वर-खाली सरकवून पाहिलं. हात जोडलेलं चित्र होतं, गुलाबाचं फूल होतं, 'पुढे पाठवा' होतं. नाव नव्हतं. गोळ्या मात्र नेल्या, थोड्या रागातच.

आमचे हे म्हणतात, यात विश्वकोशाचं काही नाही, स्ट्रिप उलटून एक्सपायरी बघणाऱ्या बाईचा हा धंद्याचा गुण. मला पटत नाही. स्ट्रिप मी लग्न होऊन आले तेव्हापासून उलटतेय, तरी पेपरात छापून आलेलं सगळं मुकाट खरं मानायचे.

नुकसानही झालंय, नाही असं नाही. विश्वकोशात बाणाची खूण दिसली की दुसऱ्या नोंदीकडे जायचं असतं, आणि मी जातेच. भांडणातही तसंच होतं. गॅस सिलिंडर लवकर संपला यावरनं सुरू झालेलं मी खनिज तेलापर्यंत नेते आणि सिलिंडर कुणी मागवायचा ते राहूनच जातं. जाड कादंबरी तर आता झेपतच नाही. पन्नास पानांनंतर कोण कुणाचा मामा ते आठवत नाही.

आमच्या भिशीतल्या बायकांना वाचनगट काढायचाय. त्यांना कादंबरीच हवी. मी म्हटलं, दर खेपेला एक नोंद वाचू. कुणी हो म्हणालेलं नाही, पण चहा माझ्याकडे ठेवला तर विचार करू म्हणाल्यात.