तुळशीच्या पाण्याकाठी दोन घोडे, दोन रात्री

कोल्हापुरात घोडा म्हटलं की लोकांना एकतर रंकाळ्यावरची पोरांची चक्कर आठवते नाहीतर लग्नाची वरात. त्यामुळं डिसेंबरात आम्ही दोन घोडे घेऊन तुळशी धरणाच्या पाण्याकाठी मुक्कामाला जाणार म्हणून घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, "आणि जनावरं झोपणार कुठं?" आणि खरंच, तोच प्रश्न महत्त्वाचा होता. तंबू, अंथरूण-पांघरूण, रस्सा कोण करणार, हे सगळं आमचं दोन दिवसांत ठरलं. घोडे रात्र कशी काढणार यावर मात्र महिना गेला.

चिमणी म्हणजे माझी घोडी, साधारण तीनशे किलोची, आणि चुलत भावाचा पांड्या तिच्यापेक्षा जरा थोराड. दोघं कधी तबेल्याबाहेर रात्रभर राहिलेले नव्हते. दाजीपूरकडं जाऊया असं भाऊ म्हणत होता, पण ते अभयारण्य गव्यांचं, तिथं बांधलेला घोडा घेऊन रात्र काढायची नसते. म्हणून तुळशी. धामोडच्या बाजूला पाण्यापासून जरा वर एका शेतकरी काकांचा माळ आहे, त्यांना आधी जाऊन रीतसर विचारलं, मग टेम्पोतनं घोडे अलीकडच्या गावापर्यंत नेले आणि शेवटचे दहाएक किलोमीटर रमतगमत बसून गेलो. तुळशी ही आपल्या पंचगंगेच्या पाच नद्यांतली एक, म्हणजे इथलं पाणी भोगावतीतनं शेवटी आपल्याच घाटावर येतं, हे तिथं काठावर उभं राहिल्यावर एकदम जवळचं वाटायला लागतं.

पाण्याचं आधी सांगतो कारण बरेच जण इथंच फसतात. घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं आणि अनोळखी पाण्याला तो सरळ तोंड फिरवतो, समोर अख्खं धरण असलं तरी. पाणी कमी पडलं की पोटात खाणं अडकतं, पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी होत नाही त्यामुळं पोटातलं वर काढून मोकळं व्हायची सोयच नाही. म्हणून आठवडाभर आधीपासनं घरच्या बादलीत थोडा गूळ विरघळवून द्यायचो, आणि तिथं गेल्यावर धरणाच्या पाण्यात तोच गूळ. चिमणीनं वास घेतला, ओठ बुडवले, आणि अर्धी बादली एका दमात! आपल्या गुळाचं कौतुक जगभर करतात, पण मला त्या संध्याकाळी वाटलं तेवढं कधीच वाटलं नव्हतं. बादलीनंच पाजायचं पण, काठावर नेऊन नाही, चिखलात पाय रुततो आणि काठ तुडवला जातो. हिरवी साय आलेलं साचलेलं पाणी तर अजिबात नाही, त्यात विष असू शकतं.

खाण्याचंही तसंच. आपल्याकडं वाटेत जिकडं बघावं तिकडं उसाचं वाढं, फुकटात मिळतं, पण सवय नसलेल्या घोड्याला एकदम ते घातलं की पोट बिघडलंच समजा. म्हणून घरचीच वाळली वैरण पोत्यातनं नेली, चिमणीला दिवसाला पाच-सहा किलो धरून, आणि चंदी, म्हणजे दाणा, मोजून तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला अडकवायच्या पिशवीत.

आता पहिली रात्र. दोन झाडांच्या मध्ये डोक्याच्या वर दोर ताणायचा आणि त्याला घोडा बांधायचा अशी आमची योजना होती, बुंध्याची साल सोलू नये म्हणून गोणपाट गुंडाळलं होतं, दोरही चांगला होता. चूक माझी झाली ती दाव्याच्या लांबीत. बिचारीला नीट चरता यावं म्हणून मी दावं हातभर जास्त सोडलं. रात्री दोनच्या सुमाराला धडपड ऐकू आली, बॅटरी मारली तर चिमणीचा पुढचा पाय दाव्यावरनं पलीकडं गेलेला, मान खाली ओढलेली, डोळे पांढरे. नशीब सुरगाठ मारली होती, एक टोक ओढल्याबरोबर सुटली. निरगाठ असती तर त्या अंधारात कोयता शोधायची वेळ आली असती. खुराच्या वर थोडं खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. उरलेली रात्र मी तिच्या मानेवर हात ठेवून उभा होतो, झोप कसली.

सकाळी पलीकडच्या शेतात मेंढरं बसवलेली दिसली. धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा माळावरचा तळ. त्यांच्यासोबत दोन बुटकी घोडी, भीमथडी या दख्खनी जातीच्या वळणाची, पाठीवर अख्खा संसार वाहणारी. तिथले एक म्हातारे मामा येऊन आमचा दोर बघत उभे राहिले.

"पावणं, दावं केवढं सोडलंय हे? तोंड भुईला टेकलं की बास. त्येच्यावर जास्त कशाला?"

मग चिमणीचा खरचटलेला पाय त्यांनी हातात धरला, आणि माझ्याजवळ अर्धा तास उभं राहायला कुरकुर करणारी ही बया त्यांच्याजवळ अगदी शांत. पाय बघून झाल्यावर म्हणाले, "दोघास्नी लांब लांब का बांधलंय? एकमेकाला दिसू देत की. एक जागा ऱ्हायला म्हंजी दुसरं झोपतंय."

हौसेनं कॅम्पिंग करणारे आम्ही आणि वर्षानुवर्षं घोड्यांसोबत माळावर तळ टाकणारी ही माणसं. मी त्या दिवशी दुपारभर त्यांच्या वाड्यावर बसून होतो. आपल्या जिल्ह्यात घोड्यासोबत रात्र कशी काढायची हे कोणाला विचारायचं असेल तर यांनाच विचारा.

दुसऱ्या संध्याकाळी दोर तोच, दावं आखूड, पांड्या आणि चिमणी एकमेकांना दिसतील पण लाथ पोचणार नाही एवढ्या अंतरावर. खरारा केला, खूर साफ केले, नाल हलवून बघितले, गोमाश्या चावल्या होत्या तिथं ओलं फडकं फिरवलं. मग आमची भाकरी आणि रस्सा. थंडी मरणाची होती.

घोडा उभ्यानं डुलक्या काढतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना आडवं व्हावंच लागतं, आणि जागा सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. पहाटे चारला मी तंबूची चेन हळूच उघडली. पांड्या कान टवकारून पाण्याकडं तोंड करून उभा होता. त्याच्या शेजारी चिमणी चक्क कुशीवर पसरली होती, चारी पाय लांब, आणि घोरत होती, माणसासारखी घोरत होती. भावाला उठवायला गेलो नाही. आवाज होईल म्हणून चेनसुद्धा परत लावली नाही, तशीच उघडी ठेवून गार वाऱ्यात उजाडेपर्यंत बसून राहिलो.

उजाडल्यावर सगळी लीद गोळा करून काकांच्या उकिरड्यावर टाकली आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.