आजीचा लूप

भाचीला पाढ्यांचा तक्ता हवा होता, दोन ते तीस. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळतो, पण मामाला शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिता येते ना! लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी आज्ञा. बसलो लूपच्या पोटात लूप लिहायला.

बाहेरचा लूप एकेक आकडा हातात घेतो, आतला प्रत्येक आकड्यासाठी एक ते दहा पळून येतो. आमच्याकडे दिवेलागणीला हेच चालायचं. आजी म्हणायची, "हं, सतराचा." आम्ही एके, दुणे, त्रिक करत दाहेला टेकलो की मगच ती अठराकडे वळायची. दारात पाहुणे दिसले की मात्र सगळंच बंद. शेलमध्ये त्याला 'ब्रेक २' लिहावं लागतं. नुसत्या ब्रेकने आतला लूप तेवढा तुटतो, बाहेरचा आजीसारखा पुढचा आकडा घेऊन हजर!

पहिल्या खेपेला घाईत दोन्ही लूपच्या चलांना, म्हणजे चालू आकडा धरून ठेवणाऱ्या डब्यांना, 'आय' हेच नाव दिलं. एरर नाही, तक्रार नाही. पडद्यावर आलं एक, चार, नऊ, सोळा... शंभर. आणि पुन्हा एक, चार, नऊ. एकोणतीस वेळा. आतल्या 'आय'ने बाहेरच्याला पुसून टाकलं होतं, त्यामुळे पाढ्यांऐवजी वर्गच छापले गेले. आतल्याला 'जे' म्हटलं तेव्हा कुठे बे एके बे झालं.

लूपचं काम 'डू'ने सुरू होतं आणि 'डन'ने संपतं, म्हणून स्क्रिप्टच्या खाली दोन 'डन', एकाखाली एक. यातही एक गंमत आहे. स्टीफन बोर्न यांचा शेल, म्हणजे या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, १९७९ च्या युनिक्स या संगणकप्रणालीबरोबर आला. त्यांना आल्गोल ६८ या प्रोग्रामिंग भाषेचा लळा, म्हणून 'इफ' संपवायला तेच उलटं करून 'फाय', 'केस' संपवायला 'एसॅक'. त्या हिशेबाने 'डू' संपायला 'ओडी' हवं होतं. पण फाइलमधले बाइट अष्टमान आकड्यांत दाखवणारी 'ओडी' नावाची आज्ञा आधीच तिथे बसलेली! मग आलं 'डन'.

दोनशे नव्वद ओळींची लांबलचक पट्टी भाचीला दाखवली. ती म्हणाली, "मामा, तक्त्यात पाढे शेजारी शेजारी असतात."

बरोबर आहे. छपाई आडव्या ओळीने होते, म्हणजे लूप आतबाहेर उलटे करायला हवेत. आधी सगळ्यांचं एके, मग सगळ्यांचं दुणे. स्क्रिप्टने मुकाट्याने केलं. आजीने असं म्हणणाऱ्याला परत बेपासून बसवलं असतं.