पुरेशाचा हिशेब

मागच्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला, तेव्हा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा दोघांना गाडीत बसवले आणि आमच्यासाठी नवे घर घ्यायचे म्हणून नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरच्या एका नव्या गृहसंकुलातला सॅम्पल फ्लॅट दाखवायला नेले. अकरावा मजला, चार शयनगृहे, प्रत्येकाला जोडलेले न्हाणीघर, दिवाणखान्याच्या छतात लपवलेले दिवे, स्वयंपाकघरात बोट लावताच आवाज न करता मिटणारे खण, आणि गॅलरीत उभे राहिले की दूरवर गोदाकाठची झाडी. घर सुंदर होते आणि कारागिरांनी त्यात जीव ओतला होता, याबद्दल मला शंका नाही. तरीही खाली उतरताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता, की या चारही न्हाणीघरांच्या फरश्या रोज कोण पुसणार. मुलाला तो विचार फार किरकोळ वाटला. मला मात्र त्यानंतरच्या महिन्यांत उमगत गेले, की माझ्या नकाराचे सगळे कारण त्या प्रश्नातच होते, आणि ते त्याला व मलाही नीट समजावे म्हणून हे लिहीत आहे.

पैशाचे बोलणे आधी उरकते. मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात चोवीस वर्षे काम केले, त्यामुळे घर पाहताना हिशेब आपोआप मांडला जातो. आमचे आताचे घर विकून आणि शिल्लक घालूनही ८० लाखांचे कर्ज काढावे लागले असते. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता महिना सुमारे ६९,४०० रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले ५६,६०० हून अधिक रुपये निव्वळ व्याजात जातात, आणि मुदत संपेपर्यंत परतफेड १ कोटी ६६ लाखांच्या वर पोहोचते. मुलाचा पगार चांगला आहे आणि हे ओझे तो आनंदाने उचलायला तयार होता. मायेने पुढे केलेला हात मागे सारणे सोपे नसते, म्हणून हे स्पष्ट सांगते की हप्ता झेपला नसता म्हणून मी नाही म्हटलेले नाही. तो झेपला असता, तरी मला ते घर नको होते.

आम्ही राहतो ते घर सिडकोतले आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी जे नवे नाशिक वसले, त्यातल्या एका रांगेतले, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असलेले. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर नंतर चढवलेली एक खोली, पुढे तुळशीपुरते अंगण आणि डोक्यावर गच्ची. सासरे सातपूरला एका कारखान्यात लेथवर होते. सासूबाईंनी हे घर त्यांच्या पगारात उभे केले, आणि त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, तो म्हणजे निगा. काही नवे आणायचे ठरले की त्या किंमत नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, ‘याची निगा कोण राखणार?’ नाव निघाले नाही, तर ती वस्तू दुकानातच राहायची. लग्न होऊन आले तेव्हा मला हा प्रश्न अडवणुकीचा वाटे. आज मला वाटते की घर किती मोठे असावे आणि त्यात काय काय असावे, हे ठरवायला याहून चांगले माप मला सापडलेले नाही. जितक्याची निगा घरातल्या माणसांना आपल्या हाताने राखता येते तितके पुरेसे. त्यापुढचे सगळे दुसऱ्याच्या हवाली करावे लागते, मग तो वार्षिक देखभालीचा करार असो की दिवसातून दोनदा येणारी बाई.

आमच्या घरातली पितळेची पातेली हे याचे सर्वांत जुने उदाहरण आहे. सासूबाईंनी ती भांडी बाजारातून एकेक करून घेतली होती, आणि त्यांतल्या मोठ्या पातेल्यात अजूनही सणावाराला आमटी होते. पितळेला आतून कल्हई हवी. ती उडाली की ताक, चिंच, कोकम असे काहीही आंबट त्यात ठेवले तर कळकते, आणि ते पोटात जाणे बरे नव्हे. म्हणून वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीच्या आधी, कल्हईवाल्याला बोलवावे लागते. तो भट्टी पेटवतो, भांडे वाळूने घासून तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि त्या क्षणी कथलाची कांडी तापलेल्या धातूला टेकवून कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवतो. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणून हे साध्या कोळशाच्या भट्टीवर, रस्त्याच्या कडेला बसून करता येते. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो आणि त्यामुळेच कथील धरते. काळवंडलेले भांडे पाण्यात बुडवून बाहेर काढले की आतून चांदीसारखे लखलखते. माझी मुले लहानपणी हे पाहायला शाळेचा डबा तसाच टाकून पळत यायची.

आता यात बचत कुठे आहे, असे कोणी विचारले तर मी मान्य करीन की फारशी नाही. कल्हईला दर वर्षी पैसे पडतात, पातेली घासायला चिंच आणि राख लागते, मनगट दुखते. नॉनस्टिकची कढई आणून थर उडाला की फेकून देणे कदाचित स्वस्तही पडेल. पण काटकसर म्हणजे स्वस्तात उरकणे, असे मला कधी वाटलेच नाही. ज्या वस्तूचे आयुष्य आपल्या हातात आहे, जिची दुरुस्ती आपल्या गल्लीत होते आणि जिला काय झाले आहे हे आपल्याला पाहताक्षणी कळते, अशा वस्तूंनी घर भरणे मला काटकसरीचे वाटते. जुन्या नऊवारींच्या गोधड्यांचेही तसेच. थंडीत निफाडकडून गार वारे सुटले की दोन थरांची पुरत नाही, चार थरांची लागते, आणि ती शिवायला दुपारच्या दुपारी जातात.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो, पण रात्र उतरली की हवा निवते. संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारले आणि वरच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या, तर पंख्यावर झोप लागते. ७५ वॅटचा पंखा दहा तास चालला तर पाऊण युनिट वीज घेतो. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तेवढी वीज साधारण अर्ध्या तासात घेतो. मात्र सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात आम्ही त्यांच्या खोलीत एसी बसवला होता आणि त्याबद्दल मला क्षणभरही अपराधी वाटले नाही. आजारी माणसाला आराम देणारी वस्तू चैनीची ठरत नाही.

इथे एक भेद सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चिक्कू माणूस आणि काटकसरी माणूस बाहेरून सारखे दिसतात, पण चिक्कू माणूस दुसऱ्याच्या वाट्याला कात्री लावतो. घरकामाच्या बाईचा पगार, पाहुण्याचा चहा, पवननगरच्या बाजारात मेथीची जुडी विकणाऱ्या बाईचे दोन रुपये, इथे त्याचा हात आखडतो. काटकसर करायची ती फक्त आपल्या वाट्यात. आणि दुसरे, याहून महत्त्वाचे: द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा आणि पेठ भागातून जी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये कामाला येतात आणि शेताच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली महिने काढतात, त्यांना साधेपणाचे धडे कोणी देऊ नयेत. त्यांना हवे आहे ते पक्के छप्पर आणि पुरेसा रोजगार. कमी असणे आणि कमी निवडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि मी जे लिहिते आहे ते ज्यांना निवडता येते अशा माझ्यासारख्यांपुरतेच आहे.

आमच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. त्रिरश्मी हे त्याचे जुने नाव. दिवाळीच्या त्याच सुट्टीत मी मुलाला तिथे घेऊन गेले, कारण दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला एक शिलालेख मला त्याला दाखवायचा होता. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी हे लेणे भिक्षुसंघाला दान केले आणि सोबत ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव दिली. ती त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली: २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, हेही लेखात नोंदले आहे. दोन हजारांच्या व्याजातून, लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी द्यायचे. माझ्या मुलाने तिथेच तोंडी हिशेब केला. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापणही इकडचा तिकडे नाही.

बँकेत चोवीस वर्षे काढलेल्या मला हा लेख वाचताना दर वेळी भरून येते. राजघराण्यातल्या, वाटेल तेवढे देण्याची ऐपत असलेल्या एका माणसाने एका माणसाला वर्षभराच्या वस्त्राला किती पुरेल, याचा विचार करून आकडा ठरवला, तो व्याजातून बरोबर निघेल इतकीच रक्कम बाजूला काढली, आणि ती कापड विणणाऱ्यांच्याच हाती सोपवली. आत कोठड्यांमध्ये पाहिले तर दगडातच कोरलेले ओटे आहेत, झोपायला तेवढेच. बाहेर मात्र खांबांची शीर्षे कोरीव, आणि समोर सगळे नाशिक पसरलेले. मी मुलाला म्हटले, मला आपल्या घराचा असा आकडा ठरवायचा आहे, आणि तो ठरवायला मला एकटीला जमणार नाही.

त्याचे म्हणणे त्याने त्या पायऱ्यांवर बसून सांगितले. त्याला वाटत होते की आम्ही दोघांनी त्याच्यासाठी आणि त्याच्या बहिणीसाठी आयुष्यभर मन मारले, आणि आता तरी ते मोकळे व्हावे. हे ऐकून मला वाईट वाटले, कारण त्यात थोडे तथ्य होते. मला काश्मीर पाहायचे होते आणि तीन वेळा बेत ठरून मोडला. ती रुखरुख खोटी नाही, आणि यंदा आम्ही जाणार आहोत. पण घराच्या बाबतीत मी मन मारलेले नाही. पुस्तके घरात मावत नव्हती तर सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरली. ती संस्था १८४० पासून आहे आणि तिच्या पुस्तकांची निगा सारे गाव मिळून राखते. अंगण लहान होते म्हणून मुले गोदाघाटावर आणि याच डोंगरावर खेळली. पाहुणे आले तर गच्चीवर गाद्या पडल्या, आणि ज्यांना तिथे अवघडल्यासारखे झाले असे फार थोडे निघाले. मोठे घर मिळाले असते तर यातले पुष्कळसे चार भिंतींच्या आत आले असते आणि मला ते आजच्याइतके आवडले असते असे वाटत नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, की या घराला आता कशाची निगा हवी आहे. त्याच्या आजीचा शब्द त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

हवी आहे ती गच्चीला. गेल्या दोन पावसाळ्यांत वरच्या खोलीच्या छताला ओल आली आहे आणि जिन्याकडच्या कोपऱ्यात चुना सुटू लागला आहे. जुना कोबा उकरून, खालचा स्लॅब स्वच्छ करून, विटांचे तुकडे नव्या उतारावर बसवून त्यावर सिमेंटचा थर घालावा लागेल आणि पुढचे काही दिवस त्यावर पाणी साठवून ठेवावे लागेल, नाहीतर त्याला भेगा जातात. येत्या मे महिन्यासाठी गवंडी ठरला आहे, विटांचे तुकडे गल्लीच्या तोंडाशी येऊन पडले आहेत. मुलाने त्या आठवड्याची रजा टाकली आहे, आणि पाणी मारायचे काम आपले, असे त्याने बहिणीला आधीच फोन करून सांगितले आहे.